ग्वाटेमालाची डोंगरगावे : समूह सहल की गावचा वाटाड्या?

ग्वाटेमाला पाहायला समूह सहलीतून जावे की तिथलाच वाटाड्या ठरवून जावे, असे इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका स्नेह्यांनी परवा विचारले. फोनवर दिलेले माझे उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. आम्ही उभयतांनी गेल्या नोव्हेंबरात एकाच प्रवासात दोन्ही प्रकार अनुभवले. आधी 8 दिवस मुंबईहून निघालेल्या 32 जणांच्या सहलीबरोबर होतो, आणि सहल परतल्यावर मागे राहून 6 दिवस आतित्लान सरोवराकाठच्या एका वाटाड्याबरोबर फिरलो. सरोवराकाठची गावे दोन्ही खेपांना बहुतेक तीच होती, त्यामुळे फरक गावांचा होता की दाखवणाऱ्यांचा, हा संशय निदान आमच्यापुरता उरला नाही. विमान, विमा, लसी, हॉटेलांचे दर्जे यांविषयी लिहीत नाही, कारण ती माहिती सहज मिळते. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथला व्हिसा लागतो, तेवढे मात्र तारखा ठरवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

अँटिग्वा शहरापुरते बोलायचे तर समूह सहलीला झुकते माप द्यायला मला मुळीच संकोच वाटत नाही. या शहराची कथा तारखांनी सांगण्यासारखी आहे, आणि आमच्या सहलीबरोबरचे स्थानिक गृहस्थ ती उत्तम सांगत. 1541 मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने आधीची राजधानी गाडली, म्हणून 1543 मध्ये स्पॅनिश लोकांनी पान्चोय खोऱ्यात हे शहर वसवले. पुढे 29 जुलै 1773 च्या भूकंपाने तेही मोडले आणि 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीच्या जागी हलली. राजधानी गेल्यामुळेच इथले पडके मठ पाडून नवे काही बांधण्याची घाई झाली नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला. ला मेर्सेद चर्चच्या बुटक्या, जाड भिंती भूकंपाच्या धास्तीने तशा बांधल्या आहेत, आणि सांता कातालिनाची ती प्रसिद्ध कमान मठातील जोगिणींना लोकांच्या नजरेस न पडता रस्ता ओलांडता यावा म्हणून उभारली, हे कानातल्या यंत्रातून ऐकत चालताना काहीही निसटत नव्हते. आपल्या नवीन राजवाड्यात परक्या आराखड्यावर इथल्या हातांचे काम ज्याने कधी निरखले असेल, त्याला ला मेर्सेदच्या दर्शनी भागावरची चुन्याची नक्षी पाहताना ओळखीचे काहीतरी दिसेल. शिवाय रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांच्यासाठी सहलीच्या व्यवस्थापकांनी न मागता लहान गाडी आणली. ही काळजी एकट्याने फिरताना विकत घेता येत नाही.

जेवणाचा विषय सहलीच्या बाजूने जातो, पण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. सहलीत रोज एक वेळ वरण-भात मिळत होता. वाटाड्याबरोबर असताना मक्याच्या तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ, अंडी आणि आव्होकाडो यांवर आम्ही राहिलो. उसळ कधीकधी डुकराच्या चरबीत परततात, म्हणून शाकाहारी माणसाने प्रत्येक ठिकाणी विचारून खाणे आवश्यक आहे. तोर्तियांचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, आणि बायका त्या हातावर थापतात. चुलीपाशी बसून ती थापण्याची लय ऐकणाऱ्या कोल्हापूरकराला परकेपणा फार वेळ वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. पत्नीला मात्र चौथ्या दिवशी आमटीची आठवण झाली.

आता ज्या गोष्टीने आमचा निर्णय झाला तिच्याकडे येतो. माझी पत्नी इचलकरंजीच्या विणकर घरातली आहे. लहानपणी तिने कांड्या भरल्या आहेत, आणि हा सारा प्रवास तिने कमरेच्या मागासाठी मागितला होता. सरोवराकाठच्या सान हुआन ला लागुना या गावात बायका अशा मागावर विणतात. ताण्याचे एक टोक खांबाला बांधलेले असते आणि दुसरे टोक विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. मागे रेलले की ताणा आवळतो, पुढे झुकले की सैल पडतो. चौकट नाही, फणी नाही. अंगच मागाचा अर्धा भाग होते. पत्नीने विचारले की मध्येच उठावे लागले, तर परत बसल्यावर तोच ताण कसा साधता. तिचा मराठी प्रश्न व्यवस्थापकांनी इंग्रजीत सांगितला, राजधानीहून आलेल्या वाटाड्याने तो स्पॅनिशमध्ये केला, आणि विणणाऱ्या आजींच्या सुनेने तो त्सुतुहिल भाषेत आजींना समजावला. आजी चांगल्या दोन मिनिटे बोलल्या, पट्टा काढून दाखवला, सुतावरून हात फिरवला, शेजारच्या बायकांनी त्यात भर घातली. ते सगळे त्याच तीन पायऱ्यांनी परत आले तेव्हा उरलेले वाक्य होते, “सवयीने जमते.” पाठोपाठ सूचना आली की बोट थांबली आहे.

यात दोष कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच ती गोष्ट मला अधिक लागली. ग्वाटेमालात 22 माया भाषा बोलल्या जातात. गावातील वयस्क स्त्रियांना स्पॅनिश ही दुसरी भाषा आहे, कित्येकींना तीही जेमतेम येते. राजधानीतला वाटाड्या कितीही अभ्यासू असला, तरी त्या अंगणात भाषेच्या बाबतीत तोही आमच्याइतकाच पाहुणा होता. आणि समजा सगळे उत्तर जसेच्या तसे पोहोचले असते, तरी उरलेल्या 30 जणांनी ते का ऐकावे? आपल्याकडे बस भरून आलेल्या पाहुण्यांना चपला करणाऱ्या कारागिराकडे नेतात तेव्हा हेच घडते. कापशी आणि कुरुंदवाडी या चपलांच्या प्रकारांतला फरक तो कातडे हातात धरून समजावत असतो, आणि पाहुण्यांपर्यंत “या दोन डिझाइन आहेत” एवढेच पोहोचते. ते पाहून मी इथे अनेकदा चुटपुटलो आहे. तिथे मी त्या पाहुण्यांच्या रांगेत उभा होतो.

5 दिवसांनी आम्ही त्याच अंगणात परत गेलो. या वेळी बरोबर होता सरोवराकाठीच वाढलेला, घरी त्सुतुहिल बोलणारा आणि इंग्रजी चांगले येणारा एक मध्यमवयीन माणूस. प्रश्न तोच होता, पण उत्तराला पाऊण तास लागला. उठताना विणलेले कापड काठीवर गुंडाळून ठेवतात, चटईची जागा खांबापासून मोजून ठरलेली असते, आणि पांढऱ्या सुताला चालणारा ताण तपकिरी सुताला चालत नाही. हे तपकिरी सूत रंगवलेले नसते. इश्काको नावाचा तो कापूसच तपकिरी उगवतो, त्याचा तंतू आखूड असतो, आणि जास्त ओढले तर धागा तुटतो. हात पोहोचेल तेवढाच पन्हा विणता येतो, म्हणून त्यांचा हुइपिल, म्हणजे अंगात घालायचा झगा, दोन किंवा तीन पट्ट्या जोडून केलेला असतो. मग आजींनी उलट विचारले, की माझ्या पत्नीच्या साडीला मध्ये कुठेच जोड कसा नाही. पत्नीने धोटा कसा इकडून तिकडे पळतो आणि पायाने माग कसा चालतो ते हाताने, पायाने दाखवले. आजी लगेच म्हणाल्या, “म्हणजे पुरुषांचा माग.”

त्या एका शब्दाने आम्हाला त्या मुलुखाचा इतिहास हाती लागला. कमरेचा माग स्पॅनिश लोकांच्या कितीतरी आधीपासूनचा आणि बायकांचा. पायमाग स्पॅनिश लोकांनी आणला, तो परंपरेने पुरुषांच्या हाती गेला, आणि बायका कमरेला गुंडाळतात ते लांब, रुंद कापड बहुधा त्यावर विणले जाते. म्हणजे त्या बाईच्या अंगावर वरचे वस्त्र एका काळाचे आणि खालचे दुसऱ्या काळाचे होते. वसाहतकालीन शहरे आणि डोंगरगावे एकत्र दाखवणाऱ्या सहलीने नेमके हेच सांगायला हवे होते, आणि 8 दिवसांत ते कोणी सांगितले नाही, कारण तिथवर पोहोचेल असे बोलणेच झाले नव्हते.

सांतियागो आतित्लान गावात याचाच पुन्हा प्रत्यय आला. तिथे माशिमोन नावाचे दैवत आहे. त्याच्यापुढे मद्य आणि चिरूट ठेवतात, आणि ते दरवर्षी कोफ्रादियाच्या, म्हणजे आपल्या भाषेत मानकऱ्यांच्या, वेगळ्या घरी मुक्कामाला जाते. सहलीबरोबर 8-8 जणांच्या तुकड्यांनी आत जाऊन, फोटोचे पैसे देऊन आम्ही बाहेर आलो. मला ते प्रदर्शनासारखे वाटले. दुसऱ्या खेपेला वाटाड्याने मानकऱ्यांना वाकून नमस्कार केला, घरच्यांची विचारपूस केली, आणि आम्ही भिंतीलगतच्या बाकावर तासभर बसलो. एक माणूस आजारी मुलासाठी मेणबत्त्या लावत होता. कॅमेरा बाहेर काढावा असे आम्हाला वाटलेच नाही. त्याच गावात 2 डिसेंबर 1990 रोजी सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळीबार केला आणि पुढे गावकऱ्यांच्या मागणीमुळे सैन्याला तिथला तळ हलवावा लागला. सहलीच्या बसमध्ये 1960 ते 1996 या यादवी युद्धाला एक वाक्य मिळाले होते. वाटाड्या आम्हाला त्या घटनेच्या स्मरणार्थ राखलेल्या बागेत स्वतःहून घेऊन गेला आणि फार थोडे बोलला.

सरोवराचा वाराही गावात राहणाऱ्याच्याच बाजूने आहे. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो, पाणी खवळते, लहान बोटी आदळू लागतात. म्हणून काठावरच्याच पानाहाचेल या गावी मुक्काम असलेल्या सहली सकाळी येतात आणि दुपारी परततात. गावातच राहिलात तर ती गर्दी ओसरल्यानंतरची संध्याकाळ तुमची असते.

चिचिकास्तेनांगोच्या बाजाराबाबत मला दोन्हींत विशेष फरक दिसला नाही. बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, तो वार साधला पाहिजे, एवढेच महत्त्वाचे. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर लोक कोपालचा धूप जाळत प्रार्थना करत असतात, तेव्हा बाजूच्या दाराने आत जावे आणि आत फोटो घेऊ नयेत.

वाटाड्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तो आपल्या गावाचा पक्षपाती होता. काक्चिकेल भाषकांच्या गावांविषयी त्याचे बोलणे आखडते होते, आणि अँटिग्वातील मठांविषयी त्याला फारसे सांगता आले नसते. एका दुपारी तो आम्हाला त्याच्या मेहुणीच्या दुकानात घेऊन गेला, अर्थात नाते त्याने आधीच सांगितले होते. एका रात्री पत्नीचे पोट बिघडले. वाटाड्याच्या घरच्यांनी धावपळ केली, पण त्या रात्री मला 32 जणांची, व्यवस्थापकांची आणि सहलीत असलेल्या डॉक्टर गृहस्थांची फार आठवण झाली. ज्यांची औषधे वेळच्या वेळी चालू असतात, किंवा ज्यांच्यासोबत वयस्क आई-वडील आहेत, त्यांना मी आग्रह करणार नाही. खर्चाचे म्हणाल तर दोघांसाठी वेगळी गाडी महाग पडली, घरगुती मुक्काम स्वस्त पडला, आणि दिवसाचा हिशेब आम्हाला जवळपास सारखाच लागला.

स्नेह्यांना मी सुचवले आहे की मुख्य ओढ अँटिग्वाची असेल तर निःशंकपणे सहलीतून जावे. गावांची ओढ असेल, आणि वहिनींना विणकामाची आहे हे मला माहीत आहे, तर सरोवराकाठचे दिवस तरी गावच्या माणसाबरोबर काढावेत. ठरवताना हॉटेल आणि गाडीच्या आधी एक गोष्ट लिहून विचारावी, की दाखवणारा स्वतः घरी कोणती भाषा बोलतो. उत्तर नुसते “स्पॅनिश” असे आले, तर तो कुठे नेणार आहे आणि तिथले लोक काय बोलतात तेही विचारावे.

आम्ही येत्या फेब्रुवारीत मेक्सिकोतील सान क्रिस्तोबाल दे लास कासास इथे जाण्याच्या विचारात आहोत. तेही 1528 मध्ये वसलेले जुने स्पॅनिश शहर आहे आणि भोवतीच्या डोंगरांत त्सोत्सिल भाषकांची गावे आहेत. तिथे फिरवून दाखवणाऱ्या दोघांना आम्ही पत्रे पाठवली होती. एकाने सुंदर कार्यक्रमपत्रिका पाठवली. दुसऱ्याने लिहिले की तो सिनाकान्तानचा आहे, घरी त्सोत्सिल बोलतो आणि त्याची आई कमरेच्या मागावर विणते. हॉटेल कोणते, हे पत्नीने अजून विचारलेले नाही.