बाल्टिमोर की लंडन: सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) ८० क्रेडिटची, जेमतेम वर्षभराची. पण आरोग्यक्षेत्रातला २ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा डॉक्टरेट हवी. नुकतंच बीडीएस (दंतवैद्यक पदवी) झालेल्यांचं घोडं इथंच अडतं. शिवाय अर्ज सोफासमार्फत, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जव्यवस्थेतून. परदेशी गुणपत्रकांचं मूल्यांकन वेगळं करून घ्यावं लागतं आणि आपल्या विद्यापीठांकडून ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) निघायलाच आठवडे जातात. म्हणून आधी ट्रान्स्क्रिप्ट, अर्जाचा निबंध मागाहून.

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची सार्वजनिक आरोग्यातली एमएस्सीही १ वर्षाची, १८० क्रेडिटची. अर्ज थेट संस्थेकडे. शेवटी उन्हाळ्यात स्वतंत्र प्रकल्प असतो. भारतात माहिती गोळा करायची तर इथल्या नैतिक समितीची परवानगीही लागते, ती रखडली की उन्हाळा हातचा जातो. तयार माहितीसाठ्यावर काम करणं शहाणपणाचं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेतलीत, तर २ वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं.