पुलीचा अडचणीतला बोल्ट : गोटी की रिंग पाना?
जळगावच्या उन्हात बोनेट उघडून बेल्टची पुली बदलायला बसलं की वरचे बोल्ट पटापट होतात, पण खालचा चेसीला इतका चिकटून असतो ना की हातच जात नाही. गोटी (म्हणजे सॉकेट, बोल्टच्या डोक्यावर बसणारी टोपी), एक्स्टेंशन (लांबी वाढवणारी दांडी) आन रॅचेट (न काढता मागे-पुढे हलवून आवळायचा दांडा) लावलं तर काम झटक्यात, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) पण बसतो, एक्स्टेंशन सरळ असेल तोवर माप बरोबर, मधला वाकणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, तिरपा झाला की मग त्या मापावर भरोसा नको. रिंग पाना (बोल्टच्या डोक्याभोवती कडं बसतं तो) पातळ, फटीत सरकतो. आतून बारा कोनीच घ्या भाऊ, 30 अंश फिरायला जागा मिळाली तरी दुसरी पकड बसते, सहा कोनीला 60 लागतात. रिंग पान्याने टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मात्र अंदाजानेच. मी तरी जागा असली तर गोटीच लावतो, आन कुठलाही पाना घ्या, पहिले आटे बोटानेच बसवा.