नागपूरला विमानाने की विदर्भ एक्सप्रेसने?

विमानाने मुंबई-नागपूर सरळ अंतर साधारण 680 किमी, रेल्वेने 837, कारण गाडी इगतपुरी, भुसावळ, बडनेरा करत जाते. हवेत दीड तास, गाडीत अख्खी रात्र, म्हणजे विमानच ना? थांबा. मी कल्याणला राहतो, एअरपोर्ट गाठायला घाटकोपरपर्यंत लोकल मग मेट्रो मग रिक्षा, वर दोन तास आधी पोचा, बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीवरून सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत, सगळं धरून सहा तास कुठे गेले नाहीत. विदर्भ मात्र कल्याणलाच थांबते, डब्यातली पोळी-भाजी खाऊन ताणून द्यायची, उठलो की नागपूर. अर्जंट काम असेल तर विमान ठीके, लग्नाला जायचं तर आपली स्लीपरची लोअर बर्थ.