पावतीवरचं नाव मी वाचलं होतं

एकूण १,७५,८०० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, म्हणजे "अगं, पण नक्की किती?" हे परत ऐकावं लागणार नाही. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. पावतीवर तारीख चुकली तरी कागद परत पाठवायचे. आणि मलाच एका वेबसाइटवाल्यानं टोपी घातली. घरात विषय निघाला की मी काहीतरी कामाचं निमित्त काढून उठते.

आमचं एक घर आम्ही सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं देतो. बुकिंग मोठ्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे घरं भाड्यानं लावणाऱ्या साइटवरून, यायची. कमिशन किती जातं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. पंधरा टक्के धरा, दहा हजारांमागे दीड हजार. पाहुण्यानं थेट आपल्याच साइटवर बुकिंग करावं असं वाटणं ही हाव नव्हती, साधा हिशेब होता. मुद्दाम लिहितेय, कारण "लोभापायी फसलीस" असं तोंडावर म्हणणारे भेटलेत.

साइट आमची होतीच, पण जुनी. पाहुण्यानं फॉर्म भरायचा, मग मी तारखा बघून फोन करणार. तेवढ्यात निम्मे लोक दुसरीकडे बुक करून मोकळे. ओळखीतून हा माणूस आला. बुकिंग इंजिन, कॅलेंडर सिंक (दोन साइटवरच्या तारखा आपोआप जुळवणं), पेमेंट गेटवे (पाहुण्याचे पैसे ऑनलाइन घेणारी सेवा), सगळं नीट समजावून सांगायचा. ३८,५०० मागितले: २०,००० आधी, १८,५०० साइट सुरू झाल्यावर. वर देखभालीचे महिना १,५००, ते मी पाच महिने भरले. तीन आठवड्यांत साइट उभी केली आणि, कबूल करते, झकास केली. तारखा निवडा, भाडं दिसतं, पैसे भरा, बुकिंग पक्कं. चोर काम वाईटच करतो असं कुणी समजू नका.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तोही त्यानंच नवा घेतला, स्वतःच्या खात्यातून. मी विचारलं नाही. डोमेन ज्याच्या खात्यात, साइट त्याची. वर फोटो तुमच्या घराचे आहेत याला कुणी विचारत नाही. त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर आज मागा, उद्या नको.

मग पेमेंट गेटवे. "मॅडम, तुमच्या केवायसीला वेळ लागेल. तोवर साइटला माझं गेटवे खातं जोडतो. पैसे आले की दोन दिवसांत तुम्हाला." पहिल्या चार बुकिंगचे ४१,२०० आले, पै न् पै, एकदा तर सुट्टीच्या दिवशी. गळाला आधी गांडूळ लावतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, पण दुसऱ्यांच्या बाबतीत.

आता ते सांगते, जे आठवलं की अजून झोप उडते. एका पाहुणीनं किती वाजता पोचायचं विचारताना पैसे भरल्याची पावती पाठवली. वर नाव आमच्या घराचं नाही, माझं नाही, त्या माणसाचंही नाही. कुठल्याशा ट्रेडिंगचं. मी ते वाचलं. बोटांनी मोठं करून परत वाचलं. बावीस वर्षं हेच तर केलं होतं, पैसे कुणाच्या नावावर जमा झाले ते बघायचं! फोन केला. तो म्हणाला, "ते सेटलमेंट अकाउंट आहे मॅडम, सगळ्यांचं तसंच असतं." आणि मी म्हणाले, "अच्छा." ऑफिसात कुठल्या कारकुनानं मला असं उत्तर दिलं असतं तर त्याचा जेवणाचा डबा संध्याकाळपर्यंत उघडला नसता.

त्या दिवशी त्याच्याकडे माझे फक्त १८,४०० अडकले होते. तिथेच साइट बंद करायला लावली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. आणि आणखी एक, जे मला फार उशिरा सुचलं: केवायसी रखडलंय, केवायसी रखडलंय असं तो चार महिने सांगत होता, पण त्यानं माझ्याकडे एकही कागद मागितला नव्हता. कागद न देता केवायसी रखडेल कसं? माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की तेव्हा हंगाम तोंडावर होता, घराची रंगरंगोटी चालू होती आणि चार वेळा पैसे वेळेवर आले होते.

हंगामात अकरा बुकिंग झाली, २,६३,४०० ची. मग त्याचा फोन बंद. त्यातले तिघे राहून, हात हलवून निघूनही गेले होते. त्यांचे ७१,२०० "पुढच्या आठवड्यात" येणार होते. आठ जण यायचे होते.

कॅलेंडरचाही घोळ तेव्हाच कळला. प्लॅटफॉर्मवरच्या तारखा त्याच्या साइटवर यायच्या, पण साइटवरचं बुकिंग प्लॅटफॉर्मवर जायचंच नाही. आयकॅलची, म्हणजे एका कॅलेंडरच्या तारखा दुसऱ्याला कळवणारी, लिंक दोन्हीकडून टाकावी लागते, त्यानं एकीकडूनच टाकली होती. एकाच तारखांना दोन कुटुंबं दारात. नीट जोडलेली लिंकसुद्धा लगेच नाही, काही तासांनी ताजी होते, हे लक्षात ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांनी विचारलं, "तुमच्या खात्यातून पैसे गेले का?" म्हटलं, साइटचे आणि देखभालीचे मिळून ४६,००० गेले. "पण साइट तर बनवून दिली ना? मग हा व्यवहारातला वाद." बाकीचे? "ते पाहुण्यांचे गेले. पाहुण्यांनी तक्रार करावी." पाहुणे अकरा, अकरा गावांचे. बँक म्हणाली, तुमच्या खात्यात काही घडलेलंच नाही. गेटवेवाले म्हणाले, आम्ही खातेदाराशीच बोलतो, तुम्ही खातेदार आहात का? डोमेनवाल्यांनी कळवलं की नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या ईमेलवरून विनंती पाठवा. म्हणजे चोराला सांगा, बाबा रे, माझ्या वतीनं तुझी तक्रार कर. प्रत्येकानं सभ्यपणे पुढचं दार दाखवलं आणि शेवटचं दार परत पहिल्यापाशीच उघडत होतं.

तीन आठवडे असं चाललं. मग एका पाहुण्यानं खरंच तक्रार केली. माझ्याविरुद्ध. साइटवर फोटो माझ्या घराचे, पत्ता माझा, फोन नंबर माझा. त्याची काय चूक? माझा अर्ज ज्या टेबलावर तीन आठवडे हलला नव्हता, त्याच टेबलावर ही तक्रार एका दिवसात हलली आणि समोरच्या खुर्चीत जबाब द्यायला मी. दोन तास मला माझ्याच घराची कागदपत्रं दाखवत बसावं लागलं.

उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी कार्डानं पैसे भरले होते. त्यांना मीच फोन करून सांगितलं, तुमच्या बँकेत लगेच वाद नोंदवा, त्याला मुदत असते. त्यांचे परत मिळाले. तिघांना त्या हुशारानं "थेट खात्यात भरा, पाच टक्के सूट" म्हणून गाठलं होतं. ते पैसे गेलेच. त्या तिघांना मी फुकट राहू दिलं, ५८,६०० वर पाणी सोडून. नवरा म्हणाला, कशाला? म्हटलं, पाटी आपली आहे.

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतंय म्हणून साइट खरी, असं मला एका पाहुण्यानं सांगितलं. ते कुलूप फुकट मिळतं. मधल्या मध्ये कुणी माहिती वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कोण बसलंय ते ते सांगत नाही. आणि तुम्ही मालक असाल तर नवी साइट सुरू झाल्याच्या दिवशी स्वतः पाहुणा होऊन शंभर रुपये भरा. पावती वाचा. तुमच्या खात्यात ते कुणीही न पाठवता आपसूक आले तरच पुढचा हप्ता द्या. माझे शंभर रुपये वाचवायला मी हे केलं नाही.

होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर ती साइट आहे त्यांना, चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी उत्तर आलं की तुमची तक्रार निकाली काढली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती साइट उघडून बघते. आमचा व्हरांडा, आमच्या खुर्च्या, पुढच्या महिन्याच्या सगळ्या तारखा हिरव्या. 'आत्ताच बुक करा' हे बटण आजही चालतंय.