डायल-अप मोडेम की कोॲक्सचं नेटवर्क?

ऐरोलीच्या भाच्याला जुनं काहीतरी जिवंत करायचंय. फोनच्या तारेवरून पीसी जोडणारा मोडेम घेऊ, की कोॲक्सवर (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) चालणारी, बीएनसी म्हणजे पिळून बसणाऱ्या जोडाची दोन इथरनेट कार्डं, मामा?

दोन्ही भंगारभावात मिळतात. पण मोडेमला पलीकडे दुसरा मोडेम आणि मध्ये छोटं इंटरकॉम एक्स्चेंज लागतं. खोक्यावर ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) असलं तरी असे दोन मोडेम आपसांत ३३.६ केच्या वर जात नाहीत. कोॲक्सला १० एमबीपीएस मिळतो, पण केबल ५० ओहमची हवी, टीव्हीची ७५ची नव्हे (मी फसलोय!). एका टोकाचा टर्मिनेटर (केबलच्या शेवटी लागणारं ५० ओहमचं टोपण) निघाला की सगळंच नेटवर्क झोपतं.

बिघाड? मोडेमचा बहुधा ॲडॅप्टर. कोॲक्सचे जोड आपल्या पावसाळ्यात गंजतात.

व्हीएसएनएलच्या (तेव्हाची सरकारी इंटरनेट कंपनी) काळातली मोडेम जोडतानाची ती किरकिर ऐकायचीय? मोडेम घे. दोन पीसींवर गेम खेळायचेत? कोॲक्स.