सायनॉलॉजी डीएस२२४+ : टॅलीवर चालणाऱ्या ऑफिसच्या बॅकअपसाठी कितपत कामाचा?

पाच ते दहा कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा, बाकीचे नेटवर्कवरून त्याला जोडलेले, आणि बॅकअप म्हणजे संध्याकाळी कुणाला आठवलं तर पेनड्राइव्हवर ओढलेलं फोल्डर. कर सल्लागार, औषधांचे वितरक, छापखाने, हार्डवेअरचे होलसेल व्यापारी अशा कितीतरी ठिकाणी ही मांडणी दिसते. अशा ऑफिसने सायनॉलॉजी कंपनीचा डीएस२२४+ हा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांचा डेटा ठेवायचा डिस्कचा खोका, घ्यावा का? घ्यावा. मात्र दुकानदार तो 'सगळ्यांना एक सामाईक ड्राइव्ह' म्हणून लावून देतो, तसा लावून घेऊ नये. त्या पद्धतीने लावलेला हा खोका रॅन्समवेअरपुढे, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपुढे, पेनड्राइव्हइतकाच उघडा असतो. पैसे वसूल होतात ते त्यातल्या 'ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस' या पॅकेजमुळे, म्हणून या परीक्षणातला बराचसा भाग त्यावरच आहे.

आधी खोका. दोन डिस्कच्या जागा, इंटेल सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, २ जीबी रॅम, गिगाबिटची दोन नेटवर्क पोर्ट, यूएसबीची दोन पोर्ट. रॅम कमी आहे. दोन-तीन मशीनपर्यंत निभावतं, पण पाचच्या पुढे गेलात की एकाच वेळी चाललेले बॅकअप रेंगाळतात आणि डीएसएमचं, म्हणजे नॅसच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, पानही सावकाश उघडतं. आत एक रिकामा स्लॉट आहे. त्यात ४ जीबीची पट्टी घालून एकूण ६ जीबी करा, आणि हा खर्च पहिल्याच दिवशी धरा. दुकानात आता डीएस२२५+ ही दिसेल. त्यात प्रोसेसर तोच आहे, एक पोर्ट २.५ गिगाबिटचं आहे. २०२५ च्या प्लस मॉडेलांवर कंपनीने आधी स्वतःच्या यादीतल्याच डिस्क वापरण्याची अट घातली होती, नंतर डीएसएम ७.३ मध्ये हार्ड डिस्कसाठी ती सैल केली. ऑफिसचा स्विच साधा गिगाबिटचा असेल, तर २.५ गिगाबिटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डिस्क घेताना डब्यावरचं नाव नीट वाचा. वेस्टर्न डिजिटलची 'रेड प्लस' आणि सीगेटची 'आयर्नवुल्फ' या सीएमआर डिस्क आहेत, म्हणजे त्यांत डेटाचे पट्टे सुटे असतात. नुसतं 'रेड' लिहिलेल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवलेल्या, म्हणून पुन्हा लिहायला सावकाश) आहेत, हे २०२० मध्ये उघड झालं. ४ टीबीची साधी बाराकुडाही एसएमआरच. एसएमआर डिस्कवर रोजचं लिखाण चालून जातं. अडचण येते ती एक डिस्क मेल्यावर नवीन घालून दोन डिस्कची जोडी (आरएआयडी) पुन्हा बांधताना: काम फार लांबतं, कधी मध्येच अडकतं, आणि त्या काळात सगळा डेटा एकाच जुन्या डिस्कवर उभा असतो. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून, लागोपाठच्या अनुक्रमांकांच्या घेऊ नका. दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या तरी काम होतं.

दोन डिस्क आरशासारख्या लावल्या की ४ टीबीच्या जोडीतून साधारण ३.६ टीबी जागा वापरायला मिळते. सहा मशीनवर प्रत्येकी १५० जीबी भरलेले असतील तर पहिला बॅकअप ९०० जीबीच्या आत बसतो, कारण सगळ्या मशीनवरच्या विंडोजच्या समान फाइली पॅकेज एकदाच साठवतं. व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची डेटाची जागा, तयार करताना फाइल सिस्टिम बीटीआरएफएस निवडा. ईएक्सटी४ निवडली तर ॲक्टिव्ह बॅकअप त्यावर चालणार नाही, आणि पुढे बदलायची म्हटली तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. दुकानदार घाईत नेमकी हीच चूक करून जातो, म्हणून त्या पडद्याच्या वेळी शेजारी उभे राहा. आणि आरशासारख्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही. एकावरची फाइल उडाली की दुसरीवरचीही त्याच क्षणी उडते. ती सोय फक्त डिस्क मेल्यावरची.

आता मुख्य मुद्दा. झेड नावाचा ड्राइव्ह प्रत्येक मशीनवर मॅप केला, की त्या मशीनवर शिरलेलं रॅन्समवेअर त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने झेडमधलं सगळं लॉक करतं. विंडोजला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. ॲक्टिव्ह बॅकअपमध्ये मशीनवर एक छोटा एजंट बसतो, तो बदललेले ब्लॉक तेवढे नॅसकडे पाठवतो, आणि ते ज्या फोल्डरमध्ये जातात त्यावर ऑफिसातल्या कुणालाच लिहायचा हक्क नसतो. मशीन लॉक झालं तरी कालची, परवाची, गेल्या महिन्याची आवृत्ती तिकडे शाबूत राहते. याला प्रत्येक मशीनमागे लायसन्सचे पैसे नाहीत; सायनॉलॉजीच्या खात्याने एकदा सक्रिय करावं लागतं, एवढंच.

ही भिंत पाडणारी गोष्ट मात्र बहुतेकदा एकच असते: नॅसच्या ॲडमिनचा पासवर्ड टॅलीच्या मशीनवरच्या क्रोममध्ये सेव्ह केलेला असणं. आत शिरलेला माणूस आधी बॅकअप पुसतो आणि मग मशीन लॉक करतो. म्हणून एजंट जोडायला वेगळं, साधं खातं काढा. ॲडमिनचं खातं फक्त मालकाकडे, दोन पायऱ्यांच्या पडताळणीसह ठेवा, आणि ते ऑफिसच्या मशीनवर कधी उघडू नका. त्यावर आणखी एक थर द्या: बॅकअपच्या फोल्डरचा रोज एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, आणि डीएसएम ७.२ पासून आलेला त्याचा न बदलता येणारा प्रकार. अशा स्नॅपशॉटला ठरवलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनसुद्धा हात लावू शकत नाही. मुदत १४ दिवसांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर जुन्या आवृत्त्या काढूनही जागा मोकळी होत नाही आणि व्हॉल्यूम कशाने भरला ते कळत नाही.

राउटरवर ५००० किंवा ५००१ (डीएसएमच्या लॉगिनचं) पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देणाऱ्या तंत्रज्ञाला थांबवा. २०१४ मध्ये सायनोलॉकर या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले, अपडेट न केलेले सायनॉलॉजीच गाठले होते. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नॅसवर २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट आला, तोही असाच. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद मार्ग) वापरा. त्याच राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ उघडं आहे का तेही बघून घ्या.

वेळापत्रकात बहुतेक ऑफिसं फसतात. रात्री १० चा बॅकअप लावला जातो आणि सातला सगळे मशीन बंद करून घरी जातात. एजंट बंद मशीनचं काही करू शकत नाही, आणि 'शेवटचा यशस्वी बॅकअप' तीन आठवड्यांपूर्वीचा निघतो. साध्या मशीनसाठी वेळेऐवजी स्क्रीन लॉक झाल्यावर सुरू होणारा बॅकअप लावा. जेवणाच्या सुट्टीत तो आपोआप उरकतो. टॅलीच्या मशीनला हा नियम लावू नका. टॅली उघडी असताना घेतलेली प्रत म्हणजे चालू मशीनचा वीजपुरवठा अचानक गेल्यावर डिस्कवर जे उरेल ते. पुष्कळदा ती नीट उघडते. कधी कंपनी उघडताना दुरुस्ती करावी लागते, आणि त्यात शेवटच्या काही एंट्र्या जाऊ शकतात. टॅलीचं मशीन रात्री ९ पर्यंत चालू ठेवा, साडेसातला सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडायचं, आठला बॅकअप. अपयशाचा ई-मेल मालकाच्या पत्त्यावर जायला हवा; ऑफिसच्या सामाईक पत्त्यावरचा तो ई-मेल कुणी वाचत नाही.

टॅलीचा स्वतःचा बॅकअपही सोडू नका. ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूत बॅकअप निवडा, पण प्रत त्याच सी ड्राइव्हवर ठेवण्यात काही मिळत नाही. आठवड्यातून एकदा तारखेच्या नावाचं नवं फोल्डर काढून त्यात घ्या; जुन्या जागेवर नवी प्रत चढवली की बिघडलेला डेटा चांगल्या प्रतीवर बसण्याचा धोका असतो. टॅलीव्हॉल्ट (टॅलीचा डेटा पासवर्डने एन्क्रिप्ट करण्याची सोय) लावलेला असेल तर त्याचा पासवर्ड कागदावर, कुलुपात ठेवा. तो विसरला तर टॅली कंपनीही काही करू शकत नाही.

पहिला बॅकअप खूप वेळ घेत असेल तर नॅसला दोष देण्याआधी केबल बघा. जुन्या ऑफिसांत आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या असतात, त्यामुळे जोडणी १०० मेगाबिटवर येते. २०० जीबीला तिथे पाच तास लागतात. तेच गिगाबिटवर अर्ध्या तासात होतं. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये वेग लिहिलेला असतो. १०० एमबीपीएस दिसलं तर टोकं नव्याने मारून घ्या, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

वीज गेल्यावरचं काम डीएसएम चांगलं करतं: यूपीएस यूएसबीने जोडला की बॅटरी उतरण्याआधी नॅस स्वतःहून सावरून बंद होतो. अडचण अशी की स्वस्त यूपीएसला यूएसबीचं डेटा पोर्टच नसतं, आणि इन्व्हर्टर तर नॅसला काहीच कळवत नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा दिवे जाणाऱ्या गावात डेटा पोर्ट असलेला यूपीएस घेण्यात कंजूषी करू नका. नॅस जमिनीवर, मीटरच्या खोलीत किंवा खिडकीखालीही ठेवू नका. डिस्क, रॅम, यूपीएस आणि पुढे सांगितलेल्या दोन बाहेरच्या डिस्क धरून खोक्याच्या किमतीइतका तरी आणखी खर्च होतो. कोटेशन मागताना हे सगळं त्यातच लिहून मागा.

आग, चोरी, पुराचं पाणी यांच्यापुढे हा खोका काहीच करू शकत नाही, म्हणून त्याची प्रत बाहेर गेली पाहिजे. हायपर बॅकअप हे त्यासाठीचं पॅकेज बरं आहे. यूएसबीच्या दोन डिस्क घ्या, एक ऑफिसात, एक मालकाच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. बॅकअप संपल्यावर डिस्क आपोआप वेगळी करण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. या डिस्कवरचा डेटा थेट उघडत नाही, हायपर बॅकअप एक्स्प्लोररमधूनच वाचता येतो. तो प्रोग्राम आत्ताच उतरवून एखाद्या लॅपटॉपवर ठेवा, नॅस जळाल्यावर शोधत बसू नका. एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याची किल्ली असलेली फाइल नॅसवर ठेवून उपयोग नाही.

क्लाउडवर सगळं पाठवायची गरज नसते. ५० मेगाबिटच्या अपलोडवर २०० जीबीला सुमारे नऊ तास लागतात, तेव्हा टॅलीचं डेटा फोल्डर, विवरणपत्रांची फोल्डर आणि स्कॅन केलेले करार एवढंच पाठवा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर इथे कायदा आड येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या कंपनी लेखा नियमांनुसार हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. हायपर बॅकअपमध्ये ॲमेझॉनची एस३ सेवा निवडून विभाग मुंबई ठेवला की सर्व्हरच्या जागेची अट पाळली जाते. मात्र वेळापत्रक साप्ताहिक नको, रोजचं हवं. किती जुन्या प्रती ठेवायच्या हेही कायद्याकडे बघूनच ठरवा. कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. रोजच्या प्रती ३० दिवस, महिन्याच्या १२, आणि दर ३१ मार्चनंतर ताळेबंद पक्का झाल्यावरची एक प्रत कायमची, असं ठेवलं तर अडत नाही.

परत मिळवण्याची बाजू या खोक्याची सगळ्यात चांगली. ॲक्टिव्ह बॅकअपच्या पोर्टलवर मशीन निवडायचं, खालच्या पट्टीवर तारीख सरकवायची, फोल्डर उचलायचं. हे काम अकाउंटंटलाही एकदा दाखवलं की जमतं. दर तीन महिन्यांनी टॅलीतल्या एका कंपनीचं आकडी नावाचं डेटा फोल्डर वेगळ्या जागी उतरवा, टॅलीत 'स्पेसिफाय पाथ' वापरून उघडा, त्या दिवसाचं शेवटचं व्हाउचर आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज जुळते का बघा. मूळ फोल्डरवर चढवून चाचणी कधीही करू नका.

संपूर्ण मशीन परत उभं करणं इतकं सरळ नाही. त्यासाठी यूएसबीचा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवावा लागतो. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असेल तर त्या पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्क दिसतच नाही. पेनड्राइव्ह बनवतानाच इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर त्यात घाला. वेगळ्या मशीनवर उतरवल्यावर टॅलीचं लायसन्स पुन्हा सक्रिय करावं लागतं, तेव्हा सीरियल नंबर आणि ज्या ई-मेलवर तो नोंदवला आहे तो पत्ता हाताशी हवा. हा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, असं फार वेळा होतं. आजच तपासा.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा, म्हणजे विवरणपत्रांवर सही करायच्या यूएसबी उपकरणाचा, बॅकअप मात्र यात येत नाही, आणि दुसऱ्या कशातही येत नाही. त्यातली खाजगी किल्ली टोकनबाहेर काढताच येत नाही. टोकन खराब झालं तर नवं प्रमाणपत्र काढावं लागतं, म्हणून विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात मुदत संपणारं टोकन असेल तर ते महिनाभर आधीच बदलून घ्या.