बोनेटखाली आरसा, केबलमध्ये ॲल्युमिनियम

गाडी माझी आणि हौसही माझीच, त्यामुळे पहिल्या शिव्या स्वतःलाच घालून झाल्यात. आता बाकीचं लिहितो.

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ चहाला थांबलो होतो. शेजारच्या पिकअपचं बोनेट उघडं होतं. आत नुसतं इंजिन. बॅटरी नाही, फ्यूज बॉक्स नाही, वायरींचं जंजाळ नाही. माझं बोनेट उघडलं की कावळ्याचं घरटं. त्या ड्रायव्हरकडून वायरिंगवाल्याचा नंबर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या गाळ्यावर हजर.

पोरगा बोलायला गोड. "दादा, बॅटरी मागं हौद्याखाली घिऊ, फ्यूज आन् रिले डॅशच्या आत. बोनेट उघडलं की बघणारा गार!" १४,५०० ठरले. त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या केबलचे, कारण बॅटरी मागे गेली की तीन मीटर जाड केबल लागते आणि ती 'प्युअर कॉपर, ३५ स्क्वेअर', म्हणजे आत ३५ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची तार. केबलवर तसं छापलेलंही होतं. दोन दिवसांनी गाडी मिळाली. सगळं काळ्या पाईपात गुंडाळलेलं, एक वायर दिसेल तर शपथ. मी फोटो काढून पाव्हण्यापाव्हण्यांना पाठवले. जुना माल मागितला तर म्हणाला, "कुजल्यालं दादा, टाकलं कचऱ्यात." त्या कचऱ्यात तांब्याची मूळ केबल होती आणि चार धडधाकट रिले. पावती म्हणून वहीच्या पानावर आकडा, खाली ना नाव ना सही.

आठवड्यात सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, जड झाला. सकाळी घर्र... घर्र... आणि गप्प. गाळ्यावर गेलो तर "बॅटरी बसली". नवी बॅटरीही त्यानंच दिली, ६,८०० ला. चार दिवस बरे गेले, मग परत तेच.

मार्केट यार्डातून गुळाचे रवे (ढेपा) भरून कणकवलीला निघालो होतो. साळवणच्या पुढे, रात्री, पाऊस लागलेला. आधी रबर जळल्याचा वास आला, मग हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातून धूर. पूर्वी बोनेट उचलून अर्ध्या मिनिटात टर्मिनल काढलं असतं. आता बॅटरी हौद्याखाली पत्र्याच्या पेटीत, पेटीला चार बोल्ट आणि १० नंबरचा पाना सीटच्या मागे. चिखलात पाठीवर पडून, तोंडात टॉर्च लावलेला मोबाईल धरून ते चार बोल्ट काढले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब चार बोल्ट. चौथा निघाला तेव्हा केबलच्या वरचं प्लास्टिक ठिबकत होतं.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून उद्यमनगरात आणली. तिथले वायरमन काका साठीच्या पुढचे. त्यांनी धूर आलेली जागा नंतर बघितली. आधी तीच केबल बॅटरीच्या पेटीपासून सेल्फपर्यंत तात्पुरती जोडली, मीटर लावला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. बॅटरीवर १०.९ व्होल्ट, सेल्फच्या बोल्टवर ८.७. म्हणाले, "अर्ध्या व्होल्टाच्या वर पडाय नगो. तुझं दोन वाटंतच गेलं. बॅटरीला कशाला दोष दिलास?"

मग केबल कापली. प्लास्टिक बोटभर जाड, आतली तार बारीक काडीएवढी. ३५ कसली, १६ पण भरली नसती. काकांनी एक तार ब्लेडनं खरवडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वरून लाल, आतून पांढरीफटक. "तांबं फकस्त अंगाला लावल्यालं हाय, पोरा. आत ॲल्युमिनियम." तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियमची तार तांब्याहून दीडपटीच्या वर अडथळा करते, त्यात जाडीही निम्मी. चासीच्या भोकातून केबल जाते तिथे रबरी रिंग नव्हती, पत्र्याच्या धारेनं ती रोज घासत होती. बॅटरीच्या तोंडाशी मोठा फ्यूज हवा, तोही नव्हता. म्हणजे शॉर्ट झाला की थांबवायला मधे कुणीच नाही.

डॅश उघडल्यावर काका हसलेच. फ्यूजची अख्खी रांग हिरवी. हिरवा म्हणजे ३० अँपिअर. हॉर्नला लाल १० चा असतो, तिथेही हिरवा. फ्यूज कधीच उडणार नाही, मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार नाही. वायर जळली तर जळली.

तुकडा घेऊन गाळ्यावर गेलो. "मला दुकानदारानंच तसली दिली, दादा," एवढंच. दोन हजार परत दिले, तेही तिसऱ्या फेरीला. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. माझ्याकडे वहीचं पान. पैसेही रोख दिलेले.

बॅटरी पुढे ठेवावी की मागे, यावर काकांचं म्हणणं सरळ होतं: मागे न्यायला हरकत नाही, पण केबलचं टोक तुमच्यासमोर कापून, खरवडून बघायचं, आणि काळा पाईप त्यानंतर चढवायचा. जुना माल पिशवीत भरून घरी न्यायचा, भले गंजलेला असो.

मी मात्र ती परत बोनेटखालीच बसवून घेतली. ९,२०० आणखी गेले. परत कावळ्याचं घरटं झालंय, आणि १० नंबरचा पाना सुतळीनं बॅटरीच्या पट्टीलाच बांधून ठेवलाय.